साडूसर

माणसाच्या यशापयशाचं, संसाराचं, तब्येतीचं आणि बहुधा परलोकातल्या गतीचंही गुपित 'आपली जागा सोडू नका' एवढ्या चार शब्दांत आहे, अशी ज्याची मनापासून श्रद्धा आहे असा एकच माणूस मी आजवर पाहिला, आणि योग असा की तो माझा साडू निघाला. त्यांची बायको थोरली, माझी धाकटी. दोघी नाशिकच्या. मी पुण्याचा आणि ते कोल्हापूरचे, म्हणजे एरवी आमची गाठ पडायची ती फार तर टोलनाक्यावर. पण सासुरवाडीनं आम्हाला एका पंगतीत बसवलं, आणि पहिल्याच जेवणात त्यांनी मीठ, लिंबू, दोन चटण्या आणि माझी वरणाची वाटी ताटाभोवती मांडून मला एका जुन्या सामन्यातला गोल समजावून सांगितला. वरणाची वाटी प्रतिस्पर्ध्यांचा गोलकीपर होती. लिंबू तिच्यात पडलं तेव्हा गोल झाला आणि सासूबाई आतून म्हणाल्या, "झाली वाटतं सुरुवात." नंतर साडूंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि निदान केलं, "पावणं म्हणजे राइट बॅक. चांगला माणूस, पण हाफ लाइन ओलांडणार न्हाई." माझ्या ऑफिसातल्या कुठल्याही साहेबानं इतक्या वर्षांत माझं इतकं अचूक मूल्यमापन केलेलं नाही.

कोल्हापूर म्हटलं की बाहेरच्यांना कुस्ती आणि रस्सा आठवतो. पण त्या गावात फुटबॉलचं वेड असं आहे की पेठापेठांतल्या तालमींचे संघ एकमेकांसमोर आले की सख्खे व्याही आठवडाभर बोलत नाहीत. साडू त्याच वेडात वाढले आणि पुढे जवळच्या तालुक्यातल्या एका विनाअनुदानित कॉलेजात फिजिकल डायरेक्टर झाले. त्या कॉलेजात धड प्रयोगशाळा नव्हती, पण विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा फुटबॉलचा चषक मात्र वर्षानुवर्षं तिथून हलला नाही. प्राचार्यांच्या केबिनमध्ये चषकांना जागा उरली नाही म्हणून एक मोठा चषक मुलींच्या कॉमनरूममध्ये छत्र्या ठेवायला दिला होता. मुलांवर त्यांचं राज्य होतं. कोण किती वाजता झोपला, कोणी वडापाव खाल्ला, कोणाचं कोणत्या मुलीकडे लक्ष आहे, सगळी खबर त्यांना असायची, आणि मुलगा जरा घसरला की ते थेट त्याच्या वडिलांना फोन लावायचे. सरावाला सुट्टी हा शब्द त्यांना माहीत नव्हता. स्वतःच्या साखरपुड्यालाही ते पुण्यात जादा वेळेपर्यंत गेलेला सामना संपवून, पोटऱ्यांवर वाळलेला चिखल आणि अंगावर ट्रॅकसूट अशा थाटात नाशकात पोचले होते. माझी बायको अजून सांगते, "ताईनं अंगठी घातली तेव्हा भाऊजींच्या बोटाला चिखल होता, आणि ते बाबांना स्कोअर सांगत होते."

चषक पुष्कळ होते, पण पगार कधी व्हायचा तर कधी व्हायचा नाही. मुलगा मोठा होत होता. मी तेव्हा सौदीतल्या दम्मामला एका पेट्रोकेमिकल कंपनीत स्थिरावलो होतो. इथल्या एका भारतीय शाळेत खेळाच्या शिक्षकाची जागा निघाली, मी कळवलं, आणि साडू एक दिवस विमानतळाच्या दारातून बाहेर आले. एका हातात शेंगदाण्याचं पोतं, गळ्यात शिट्टी. बायको आणि मुलगा कोल्हापुरातच राहिले. शाळेनं त्यांना राहायला खोली दिली होती, पण जेवायला ते आमच्याकडेच यायचे, आणि माझ्या बायकोला पोळी वाढताना "विंगमधून या, समोरून दिसतंय सगळं" असं सुचवायचे.

ती शिट्टी त्यांच्या गळ्यातून कधीच निघत नसे. इकाम्यासाठी, म्हणजे इथल्या रहिवासाच्या परवान्यासाठी, छातीचा एक्स-रे काढायचा होता तेव्हा टेक्निशियननं ती काढायला सांगितली, तर यांनी ती काढून तोंडात धरली. एकदा आम्ही एका मोठ्या मॉलमध्ये खाण्याच्या काउंटरपाशी रांगेत उभे होतो. एक गृहस्थ शांतपणे सगळ्यांच्या पुढे जाऊन उभे राहिले. मी पुणेरी पद्धतीनं मनातल्या मनात त्यांचा अपमान करत होतो, तेवढ्यात शिट्टी वाजली. ती अशी वाजली की खालच्या मजल्यावरचे सरकते जिनेसुद्धा क्षणभर थांबल्यासारखे वाटले. साडू हात वर करून उभे होते आणि त्या गृहस्थांना ठणकावून सांगत होते, "ऑफसाइड! पीछे! पीछे!" माझ्या डोळ्यांपुढे पोलीस, कफील म्हणजे ज्याच्या हमीवर इथं राहायचं तो मालक, परतीचं विमान असं सगळं क्रमानं येऊन गेलं. सुरक्षारक्षक धावत आला. कोवळा सौदी तरुण होता. त्यानं शिट्टीकडे पाहिलं, साडूंच्या हाताच्या खुणेकडे पाहिलं, आणि खो खो हसत विचारलं, "कोच?" पुढची दहा मिनिटं दोघं काउंटरवरचे सॉसचे पुडे मांडून एकमेकांना काहीतरी समजावून सांगत होते. एकाला अरबी येत होती, दुसऱ्याला कोल्हापुरी. कुणाचं काही अडलं नाही.

खाण्याच्या बाबतीत त्यांचा जीव फक्त दुधात अडकला होता. खेळाडूनं सकाळी म्हशीचं धारोष्ण दूध प्यावं हा त्यांचा आग्रह. इथं दूध चांगलं मिळतं, अल खर्जच्या गोठ्यांतून गाड्या भरभरून येतं, पण ते गाईचं. साडूंनी दम्माममधली दुकानं पालथी घातली. शेवटी एका बकाल्यात, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानात, त्यांनी दोन्ही हातांनी शिंगं करून मालकाला म्हैस दाखवली. मालक मलबारी होता. तो म्हणाला, "सर, भैंस नहीं है. लेकिन आप फुटबॉल का आदमी है क्या? सीटी देखा, इसलिए पूछा."

तो कोया. त्याच्या दुकानामागच्या खोलीतून एक फुटबॉल क्लब चालायचा. इथल्या मलबारी लोकांचे असे कितीतरी क्लब आहेत. कोणी ड्रायव्हर, कोणी सेल्समन, कोणी मेकॅनिक. आठवडाभर राबायचं आणि शुक्रवारी भाड्याच्या हिरव्या मैदानावर जीव खाऊन खेळायचं. त्यांच्या साखळी स्पर्धेत वरचा गट आणि खालचा गट असे दोन गट. कोयाचा क्लब खालच्या गटात, तिथंही तळाशी. त्यांचा कोच नोकरी सोडून गावी परतला होता. मी कौतुकानं सांगितलं, "हे माझे साडू, ह्यांनी कॉलेजला कितीतरी वर्षं जिंकून दिलंय." कोयाला 'साडू' हे नावच वाटलं. तेव्हापासून अख्ख्या पूर्व प्रांताच्या फुटबॉलमध्ये ते साडूसर झाले. खरं नाव कुणी विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही. पण कोया लगेच भुलणारा नव्हता. तो मान हलवत म्हणाला, "कॉलेज का बच्चा लोग को जिताना अलग बात है सर. इधर सब का घुटना में दर्द है, ड्यूटी है, कफील है."

हाच प्रश्न आमच्या शुक्रवारच्या नाश्त्यालाही निघाला. तिथं आम्ही चार मराठी इंजिनियर पोहे खात जगाची कामं मार्गी लावतो. एकजण म्हणाला, "पायलट प्लांटमध्ये जे चालतं ते मोठ्या प्लांटमध्ये चालेलच असं नाही. तिकडे पोरं तयार मिळत होती यांना. कोल्हापूरची पोरं पाळण्यातच लाथा मारतात." सगळे हसले. साडू तेव्हा पोह्यांवर लिंबू पिळत होते. ते हसले नाहीत, पिळून झालेलं लिंबू पुन्हा पिळत राहिले, आणि तेच मला खटकलं.

पहिल्या महिन्यात त्यांनी कॉलेज जसंच्या तसं दम्मामला आणलं. शुक्रवारी पहाटे सराव. मैदानाला फेऱ्या. शेंगदाणे-गूळ. पेप्सी बंद, परोटा बंद. रात्रपाळी करून आलेली माणसं पहिल्या दोन फेऱ्यांतच कंबर धरून वाकायची. गोलकीपर हमसा हा दाढी पांढरी व्हायला लागलेला, गॅरेजात काम करणारा आडदांड माणूस. त्याचं पोट सुटलं होतं. कॉलेजात साडूंनी वडिलांना फोन लावला असता. इथं त्यांनी हमसाकडून गोडीगुलाबीनं नंबर काढून घेतला आणि थेट त्याच्या बायकोला केरळात फोन लावला. मी शेजारीच होतो. "मॅडम, आपका हमसा बहुत खाता है. रात को तीन-तीन परोटा. ऐसे कैसा गोल रुकेगा?" त्या माउलीला हिंदी किती कळलं देव जाणे, पण 'परोटा' कळला. तिनं त्याच रात्री नवऱ्याला असं काही सुनावलं की पुढच्या शुक्रवारी हमसा सफरचंद घेऊन आला. लवकरच बाकीच्यांच्या घरीही बातमी पोचली, आणि केरळातल्या बायकाच साडूंना उलट फोन करू लागल्या. कुणाला ताप होता, कोण औषध घेत नव्हता, कुणाची पाठ दुखत होती पण तो सांगत नव्हता.

तरीही पहिला सामना आम्ही पाच गोलांनी हरलो. हाफ टाइमपर्यंतच तीन गोल खाल्ले होते. साडूंनी सगळ्यांना रिंगणात उभं करून कॉलेजातलं ते गाजलेलं भाषण केलं, ज्यानं म्हणे पोरांच्या डोळ्यांत पाणी यायचं. "तुम्हारे बाप ने तुमको इतना बडा किया! उनका नाम मिट्टी में घालनेका क्या?" सगळ्यांनी अदबीनं ऐकून घेतलं. मग हमसा दाढीवरून हात फिरवत नम्रपणे म्हणाला, "सर, मैं खुद बाप है."

दुसरा सामनाही गेला. परत येताना साडू माझ्या गाडीत बसले होते. त्यांच्याकडे इथलं लायसन नव्हतं, म्हणून त्यांचा सारथी मीच. एरवी ते सिग्नलला थांबलेल्या गाड्यांमधूनही फळी रचायचे. त्या दिवशी खिडकीबाहेर बघत राहिले. घर जवळ आल्यावर म्हणाले, "पावणं, गाडी जरा बाजूला घ्या." मी घेतली.

"एक विचारू? तुमी खरं सांगा. कॉलेजात आमी जिंकलो ते पोरं तशी हुती म्हणून, का मी हुतो म्हणून?"

ते पुढं म्हणाले, "निघताना प्राचार्य म्हणालं हुतं, सर, तुमच्या जागी कोण बी उभा केला असता तरी ह्या पोरांनी कप आणला असता. हसत म्हणालं. मी बी हसलो. पण ते काय डोक्यातनं जात न्हाई ओ." इतकं बोलून त्यांनी गळ्यातली शिट्टी मुठीत धरली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली. एरवी दोन गल्ल्यांपलीकडे ऐकू जाणारा माणूस तो. त्यांना असं हळू बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचा फोन आला. "पावणं, जरा सनाइयात जायचंय." सनाइया म्हणजे गावाबाहेरचा गॅरेज-कारखान्यांचा भाग. हमसाच्या गॅरेजपाशी आम्ही गाडी लावली आणि साडू एका उलट्या ठेवलेल्या टायरवर बसून तासभर नुसतं बघत राहिले. हमसा ट्रकची चाकं उतरवत होता, खाली बसत होता, उठत होता, एका हातानं पाना झेलत होता. "बगा," साडू म्हणाले, "खाली पडलेला बॉल ह्याला उचलता येतोय, पण डावीकडं वळताना कळ येतीय. म्हणून डावीकडनं गोल खातोय." मग आम्ही कतीफच्या मासळी बाजारात गेलो, आमचा एक बॅक तिथं बर्फाच्या पेट्या वाहायचा. मग शमीरकडे. शमीर संघातला सगळ्यात तडफदार फॉरवर्ड, पावाच्या व्हॅनवर ड्रायव्हर. तो व्हॅनमधून पावाचे ट्रे घेऊन दुकानात धावत जायचा, परत येऊन स्टिअरिंगवर डोकं टेकून क्षणभर डोळे मिटायचा, पुढच्या दुकानापाशी पुन्हा धावायचा. साडू माझ्या गाडीतून त्याच्या मागे मागे सहा दुकानं हिंडले. शेवटच्या दुकानापाशी शमीर उतरून आमच्याकडे आला आणि घाबरून म्हणाला, "सर, मैंने परोटा नहीं खाया." साडूंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "खा बाबा. दोन खा."

त्या आठवड्यापासून मैदानाच्या फेऱ्या बंद झाल्या. पहाटेचा सराव दुपारनंतर गेला. आणि साडूंनी आयुष्यात कधी उच्चारला नसेल असा हुकूम दिला, "कोई दौडेगा नहीं." त्यांनी त्या थकलेल्या माणसांना चालत खेळायला शिकवलं. बॉल पायात ठेवायचा, शेजाऱ्याला द्यायचा, दम खायचा, पुन्हा घ्यायचा. धावायचं काम फक्त शमीरचं, तेही व्हॅनपासून दुकानापर्यंत जेवढं अंतर असतं तेवढंच. हमसाच्या डावीकडे एक धिप्पाड बॅक नुसता उभा केला. समोरचे तरुण संघ आधी हसायचे, मग चिडायचे, मग चुका करायचे. एका सामन्यात तर आमच्या लोकांनी इतका वेळ बॉल आपापसात फिरवला की प्रेक्षकांतले दोघंजण चहा पिऊन परत आले तरी तो आमच्याकडेच होता. आम्ही जिंकू लागलो. कोणाची पाळी अडचणीची असली की साडू स्वतः त्याच्या फोरमनला भेटायला जायचे, दोन तास बसायचे आणि सुट्टी घेऊनच उठायचे. बहुधा त्यांना उठवण्यासाठीच सुट्टी मिळत असावी. नाश्त्याच्या टेबलावरच्या पायलट प्लांटवाल्यानं एक दिवस हळूच विचारलं, "पुढची मॅच कधी आहे हो?"

होता होता संघ उपांत्य फेरीत आला. हा सामना जिंकला की क्लब वरच्या गटात जाणार होता. समोरचा संघ रुबाबदार. कोरे बूट, पाठीवर पुरस्कर्त्यांची नावं, आणि खास व्हिजिट व्हिसावर बोलावलेले दोन खेळाडू, ज्यांनी म्हणे केरळात मोठमोठी मैदानं गाजवली होती. कोयाला झोप येईनाशी झाली. आणि सामन्याच्या आठवड्यातच शमीरची गावी जायची रजा मंजूर झाली. तो इथं आल्यानंतर गावी त्याला मुलगी झाली होती. ती आता रांगायला लागली होती. रजा त्यानं कधीची मागितली होती. कंपनीनं ती दिली नेमकी सामन्याच्या आदल्या दिवसापासून.

कोयाच्या दुकानामागच्या खोलीत बैठक झाली. कोया म्हणाला, "एक हफ्ता पीछे कर दे. सर बोलेंगे तो मानेगा." सगळ्यांनी साडूंकडे पाहिलं. शमीर खाली मान घालून म्हणाला, "सर बोलेगा तो रुकता है." मी मनाशी धरून चाललो होतो की हा माणूस काय सांगणार. साखरपुड्याच्या दिवशी चिखलात खेळवणारा हा माणूस. पण साडूंनी विचारलं, "नाव काय ठेवलं?"

"आयशा, सर."

"पाहिलीस का रे तिला?"

"मोबाइल पे, सर."

साडूंचा स्वतःचा मुलगा तेव्हा बारावीत होता. रोज संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात बसून ते त्याला व्हिडिओ कॉल करायचे, आणि तो 'हो', 'नाही', 'ठीक आहे' एवढंच बोलून फोन आईकडे द्यायचा. ती फोन ओट्यावर टेकवून कामाला लागली की ते बराच वेळ पडद्यावरच्या कोल्हापूरच्या स्वयंपाकघराच्या भिंतीकडे बघत बसायचे. हे मला माहीत होतं. कोयाला माहीत नव्हतं.

"मग जा की," साडू म्हणाले. मग हिंदीत म्हणाले, "जा. किसी का सुनो मत. मेरा भी नहीं."

कोयानं कपाळाला हात लावला. "सर, ये एक ही चान्स है हमारा. क्लब का, आपका भी."

"हाँ," साडू म्हणाले. "मालूम है."

शुक्रवार उजाडला तो वेगळ्याच अडचणी घेऊन. एकाला ऐनवेळी ड्युटीवर बोलावलं, दुसऱ्याचा स्नायू सरावातच आखडला. राखीव खेळाडू म्हणून यादीत उरलं फक्त एक नाव. नियमापुरतं, हौसेनं लिहिलेलं, कोयाचं. पहिला हाफ हमसानं एकट्यानं लढवला. तो उजवीकडे झेपावत होता, खाली लोळत होता, मध्येच मल्याळममध्ये स्वतःच्याच गुडघ्याला काहीतरी बजावत होता. गोल झाला नाही. हाफ टाइमला मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची, बांग झाली. दोन्ही संघांचे खेळाडू मैदानाच्या कडेला ओळीनं नमाजाला उभे राहिले, आणि साडू थोडे बाजूला, डोळे मिटून, हात जोडून अंबाबाईशी बोलत राहिले. कुणाची प्रार्थना कुणाच्या आड येत होती, सांगता येणार नाही.

दुसऱ्या हाफमध्ये व्हिजिट व्हिसावाल्यानं गोल केला. चांगला गोल होता. साडूंनीसुद्धा "वा" म्हटलं. थोड्या वेळानं आमचा बर्फवाला बॅक पाय धरून खाली बसला आणि साडू कोयाकडे वळले. कोया दुकानदार, पन्नाशीचा, पोट शर्टाच्या पुढे. "सर, मजाक नहीं," तो म्हणाला. "यल्ला, चलो, कोयाक्का," साडू म्हणाले आणि त्याच्या बुटांची नाडी स्वतः खाली बसून बांधली. कोया मैदानात गेला आणि सांगितलं होतं तसा समोरच्या गोलजवळ उभा राहिला. अगदी शेवटी आमच्या लोकांनी तो नेहमीचा चालत चालत खेळ केला, समोरचे तिघं ओढले गेले, आणि बॉल सरळ कोयाच्या पायात आला. गोलकीपर पलीकडे पडलेला. समोर उघडा गोल. आम्ही सगळे उभे राहिलो. कोयानं इतकी वर्षं मनात साठवलेल्या ताकदीनं लाथ मारली. बॉल गोलवरून, जाळीवरून, कुंपणावरून गेला आणि पार्किंगमध्ये माझ्या गाडीच्या टपावर आदळला.

सामना संपला तरी कोया तिथंच गवतावर बसून होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसतही नव्हता. साडू जाऊन त्याच्याशेजारी मांडी घालून बसले. मी जवळ गेलो तेव्हा ते सांगत होते, "पाय बराबर लगा था कोयाक्का. जरा सा नीचे पाहिजे था, बस." कोया म्हणाला, "मेरे कारण गया सर." साडू म्हणाले, "आदत नहीं है तुमको. कॉलेज में ॲडमिशन ले लो, मैं सिखाता." कोयाला रडता रडता हसू फुटलं. तेवढ्यात हमसाचा फोन वाजला. शमीरचा व्हिडिओ कॉल. पडद्यावर तो आणि त्याच्या कडेवर टपोऱ्या डोळ्यांची, केस उडत असलेली पोर. सगळी घामेजलेली डोकी त्या एवढ्याशा पडद्याभोवती जमली. "स्कोर क्या हुआ सर?" शमीर विचारत होता. साडूंनी फोन हातात घेतला, पोरीकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "स्कोर बाद में. उसको पंखे के नीचे से हटाओ पहले."

मैदानातून निघताना कोया माझ्या गाडीपाशी आला. टपावरचा पोचा बघून ओशाळला, मग साडूंना म्हणाला, "अगला सीझन भी आप ही, सर. लिखके देता है." पायलट प्लांटवाला मात्र म्हणालाच, "शेवटी मोठ्या संघापुढे अडलंच ना?" मी त्याच्याशी वाद घातला नाही. तो सामना बघायला तोही आला होता, आणि कोयानं लाथ मारली तेव्हा खुर्चीवर उभं राहून ओरडणाऱ्यांत तो सगळ्यात पुढे होता.

पुढचा सीझन मात्र आला नाही. निदान साडूंच्या वाट्याला आला नाही. उन्हाळ्यात कोल्हापुरात त्यांच्या आईचं जुनं दुखणं वाढलं. त्यांनी शाळेला कळवलं आणि फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं परतायचा शिक्का, घेतला. निघण्याआधी कोयाच्या दुकानामागच्या खोलीत त्यांनी अख्ख्या क्लबाला स्वतःच्या हातचा तांबडा रस्सा खाऊ घातला. मिरचीत आयुष्य काढलेली ती केरळी माणसंसुद्धा डोळे पुसत होती, आणि ते नुसत्या रश्श्यानं नव्हतं. शमीर परत आला होता. त्यानं साडूंच्या पायांना हात लावला, तर साडू संकोचून मागे सरले. म्हणाले, "आरं, हे काय तुमच्यात करतात व्हय?"

आता ते पुन्हा त्याच कॉलेजात आहेत. आई अंथरुणातच असते, मुलगा इंजिनियरिंगला गेलाय. कोयाच्या क्लबाला नवा कोच मिळाला आहे, टॅबलेट घेऊन फिरणारा. संघ अजून खालच्याच गटात आहे. मी शुक्रवारी दुपारनंतर उगीचच तयार होऊन बसतो. बायको विचारते, "कुठे निघालास?" मी म्हणतो, "कुठे नाही." मग पावलं आपोआप मैदानाकडे वळतात, आणि परत आल्यावर साडूंचा फोन येतो. कोण खेळलं, कोण नाही, हमसाचा गुडघा कसा आहे, कोयाचं दुकान चालतंय का, सगळं मी सांगतो.

गेल्या शुक्रवारी सगळं सांगून झालं तरी त्यांनी फोन ठेवला नाही. मग म्हणाले, "पावणं, आणखी एक सीझन मिळाला असता, तर वरच्या गटात गेलो असतो का ओ आपण?"

खरं सांगायचं तर मला ठाऊक नव्हतं, आणि अजूनही नाही. समोरचे ते दोघं फारच चांगले खेळत होते. मी म्हटलं, "गेलो असतो."

"तुमी म्हणताय म्हणजे…" ते हसले. "असू दे. म्हणत जावा अधनंमधनं." मग पलीकडे कुणीतरी त्यांना हाक मारली आणि ते "आलो, आलो" म्हणत गेले. फोन बंद करायचं विसरले होते. त्यांनी तो बहुधा मैदानाच्या कठड्यावर ठेवला असावा; तिकडे रात्री दिव्यांखाली सराव चालला असणार. वारा ऐकू येत होता, पोरांचा दंगा, बॉलवर पडणाऱ्या लाथा, आणि लांबून कुणाच्या तरी नावानं त्यांनी मारलेली हाक. आत बायको जेवायला बोलावत होती. मी "येतो" म्हणालो आणि फोन तसाच कानाशी धरून खिडकीपाशी उभा राहिलो.